गोदा काय बोलत होती

माणसाच्या तोंडून निघालेला शब्द महिपत गोताडने पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला तो देवरुखच्या बाजारपेठेत, मोबाइल दुरुस्तीच्या एका टीचभर दुकानात. त्याला ऐकू येईनासं होऊन तेव्हा आठ वर्षं झाली होती.

कान काही एका दिवसात गेले नव्हते. महिपतचं गाव आंबवकोंड. देवरुखाहून एसटीने पाऊण तास, आणि पुढे उतारावरून पायी. गाव खाली दरीत, आणि वर सड्यावर, कातळाच्या सपाट माळावर, जांभ्या चिऱ्याची खाण. बाविसाव्या वर्षी तो खाणीत टिकाव घेऊन उतरला. मग खाणीत चिरे कापायचं मशीन आलं आणि महिपत कटरवर लागला. दगडात शिरलं की ते गोल पातं असं किंचाळायचं की शेजारच्या माणसाशी हातवाऱ्यांनीच बोलावं लागे. लाल धूळ छातीत जाऊ नये म्हणून सगळे नाकातोंडाला फडकं बांधायचे. कानांचा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही. वीस वर्षं महिपत त्या आवाजाशेजारी उभा राहिला.

आधी पाखरं गप्प झाली. मग एसटीचा हॉर्न. मग एके दिवशी गोदा समोर उभी राहून हात हलवत काहीतरी सांगत होती, ओठ हलत होते, आणि महिपतला कळलं की तिचाही आवाज आता येत नाही. रत्नागिरीला जाऊन कान तपासले. डॉक्टरांनी कागदावर लिहून दाखवलं की आतली नसच निकामी झाली आहे. कानामागे लावायचं यंत्र मिळालं, पण त्यातून नुसता डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायचा. चार महिन्यांनी त्याने ते ट्रंकेत ठेवून दिलं. खाणही सुटली, कारण मागून कुणी ओरडलं तर ऐकू न येणारा माणूस तिथे जिवाला मुकतो. त्यानंतर तो भातशेतीचे दोन कुणगे आणि थोडी काजूची झाडं सांभाळायचा, आणि गावात कुणाच्या कुंपणाचा दगडी गडगा ढासळला की तो रचून द्यायचा. दगड त्याचं ऐकायचे, असं लोक म्हणत.

सातवीपर्यंत शिकलेला असल्याने त्याला वाचता छान यायचं. खिशात तो एक वही ठेवायचा. समोरच्याने त्यात लिहावं, याने वाचून तोंडाने उत्तर द्यावं. पण माणसं लिहायला कंटाळतात. दहा वाक्यांची हकीकत दोन शब्दांवर येते. ‘उद्या ये.’ ‘लाइट नाही.’ ‘बारसं आहे.’ आठ वर्षं महिपत अशा कामापुरत्या शब्दांवर राहिला. गोदाला तर लिहिताच येत नव्हतं. सहीपुरती अक्षरं ती शिकली होती, तेवढीच. म्हणजे ज्या बाईबरोबर त्याचे दिवस जायचे, तिचा एक शब्दही आठ वर्षांत त्याच्यापर्यंत आला नव्हता. जेवायला ये, गाय सोड, कुणीतरी आलंय, एवढं ती हाताने सांगायची. बाकी घर शांत. निदान महिपतला तसंच वाटायचं.

त्याचा मुलगा विनोद मुंबईत लिफ्टच्या दुरुस्तीची कामं करतो. गणपतीला येताना त्याने बापासाठी स्मार्टफोन आणला, दुकानात सगळ्यात स्वस्त होता तो. ‘तुम्हाला मेसेज तरी वाचता येतील,’ असं त्याने वहीत लिहिलं. आंबवकोंडात रेंज नाही. मेसेज वाचायचे तर महिपत सड्यावर चढून जायचा, तिथे एका कातळावर उभं राहिलं की फोन थरथरायचा. फोन सुस्त होता. एखादी गोष्ट दाबली की उघडेपर्यंत तंबाखू मळून व्हायची. पण महिपतला घाई कसली होती?

फाल्गुनात तो फोन चार्ज होईना, म्हणून महिपत देवरुखला आला.

दुकान रेणुका गमरेचं. पस्तिशीची, मूळची जवळच्याच एका वाडीतली. पुण्याजवळच्या एका कारखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली सर्किटं जोडण्याचं काम तिने सहा वर्षं केलं होतं. लग्नानंतर परत आली आणि तेच कसब घेऊन इथे बसली. महिपतने नेहमीप्रमाणे वही पुढे केली. पहिल्या पानावर लिहिलेलंच होतं, ‘मला ऐकू येत नाही. लिहून सांगा.’ रेणुकाने ते वाचलं, त्याचा फोन दुसऱ्या वायरने कसाबसा चालू केला, त्यावर काहीतरी उतरवून घेतलं आणि फोन त्याच्यासमोर उभा धरला. मग ती बोलायला लागली.

काचेवर अक्षरं उमटली.

‘काका चार्जिंगचा सॉकेट गेला आहे एक तास लागेल तुम्ही बसा’

महिपतने आधी तिच्या बोटांकडे पाहिलं. एका हातात फोन होता, दुसऱ्या हातात चिमटा. ती काही लिहीत नव्हती. त्याने दुकानात मागे कुणी बसलंय का, ते वाकून पाहिलं.

“कोण लिवतंय हां?” त्याने विचारलं.

रेणुका हसली. तिचे ओठ हलले आणि त्यामागोमाग अक्षरं आली. ‘कोणी नाही काका मी बोलते तेच दिसतंय’

महिपत स्टुलावर बसला. इतक्यात एक बाई नातवाचा फोन घेऊन आली आणि तावातावाने काही सांगू लागली, तर तिचंही बोलणं काचेवर सरसर उतरत गेलं. फोन पिंपात कसा पडला, त्याआधी नातवाने काय केलं, सून काय म्हणाली, सगळं. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही, एक अखंड ओळ. आठ वर्षांत महिपतने एवढं बिनकामाचं बोलणं वाचलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच वेळी त्याला हसूही येत होतं, कारण त्या बाईची सून खरोखरच मजेशीर बोलली होती.

सॉकेट तासाभरात बसला. महिपत तीन तास उठला नाही.

घरी पोचला तेव्हा गोदा खळ्यात कुळीथ झोडत होती. महिपतने फोन तिच्यासमोर धरला. “बोल गो,” तो म्हणाला. “कायबी बोल.”

गोदाला वाटलं फोटो काढतोय. तिने पदर सारखा केला आणि ताठ उभी राहिली.

“फोटू नाय गो. बोल. तुजां बोलणां हितं लिवून येताय.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग तिचे ओठ हलले. आधी थोडे, मग खूप. ती बराच वेळ बोलली, मध्ये एकदा तिने डोळेही पुसले. महिपतने फोन उलटवून पाहिला. काचेवर एकच ओळ होती. ‘नेटवर्क उपलब्ध नाही.’

त्या दिवशी तो जेवला नाही.

दोन दिवसांनी पहिल्या गाडीने तो परत रेणुकाच्या दारात उभा. तिने कुलूपही काढलं नव्हतं. त्याचं ऐकून घेतल्यावर तिने फोनसमोर बोलून समजावलं. ‘काका इथं बोललेलं या फोनला समजत नाही हा फक्त आवाज पुढं पाठवतो लांब कुठंतरी मोठे कंप्युटर आहेत ते ऐकतात आणि अक्षरं परत पाठवतात तुमच्या गावात रेंज नाही मग आवाज जाणार कसा’

“मग त्या कंप्युटराला ह्या फोनात बसव,” महिपत म्हणाला.

रेणुका हसली नाही. दुरुस्ती करणाऱ्याला लोक रोज अशक्य गोष्टी सांगतात, आणि त्यातल्या काही होतातही, हे तिला माहीत होतं. देवरुखच्या कॉलेजात संगणक शिकवणारे ओमकार सर तिचे जुने गिऱ्हाईक. तिने त्यांना बोलावून घेतलं. ओमकार सरांनी सांगितलं की मराठी ऐकून लिहिणारे छोटे प्रोग्रॅम, ज्यांना मॉडेल म्हणतात, ते आता फुकट मिळतात, नेटशिवाय चालणारे. ‘पण तुमचा फोन साधा आहे,’ ते म्हणाले. ‘त्याची चिप स्वस्तातली आहे मेमरी तोकडी आहे प्रयत्न करून बघू’

प्रयत्न त्याच दुपारी झाला. मॉडेल फोनात उतरवलं, नेट बंद केलं आणि रेणुका म्हणाली, “काका, चहा घेणार का?” फोन गप्प. महिपत काचेकडे टक लावून बसला. चहा आला, पिऊन झाला, आणि कप खाली ठेवताना अक्षर उमटलं. ‘का’. मग बऱ्याच वेळाने ‘काकू’. मग फोन तव्यासारखा तापला आणि ॲप आपोआप बंद पडलं.

ओमकार सरांनी नकारार्थी मान हलवली. महिपत मात्र हातातला गरम फोन उलटापालटा करून बघत होता.

“ह्याच्यात नक्की काय हाय?” त्याने विचारलं. “ऐकतंय कोण? मना दाखव.”

हे त्याला लिहून सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून रेणुकाने खण उघडला. महिपतच्या फोनसारखाच एक मेलेला फोन तिच्याकडे होता. त्याची चिप तिने कधीतरी हौसेखातर काढून, वरचं काळं कवच घासून घासून उडवलं होतं. नखाएवढा तो चकाकता तुकडा तिने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि महिपतला डोळा लावायला सांगितलं.

महिपतला पहिल्यांदा काहीच कळलं नाही. मग दृश्य स्थिर झालं. घाटाच्या माथ्यावरून खाली बघावं तशी जमीन दिसत होती. चौकोनी चौकोनी तुकडे, काही हिरवे, काही तांबूस, काही जांभळे. एकाला एक लागून, मध्ये सरळ वाटा. कुठेच वेडीवाकडी कड नाही. आयुष्यभर चिऱ्याची कड सरळ यावी म्हणून धडपडलेल्या माणसाला त्या कडांवरून डोळा हटवता येईना.

त्याने डोळा काढला तेव्हा ओमकार सर फोनसमोर बोलत होते आणि रेणुकाच्या फोनवर अक्षरं येत होती. ‘हे जे दिसतंय त्या नुसत्या वाड्या आहेत काका आतली घरं या भिंगातून दिसतच नाहीत एका केसाच्या रुंदीत हजारभर रेघा बसतील इतकं बारीक काम आहे अशी कोट्यवधी छोटी बटणं आहेत यात’

“आणि हां कशाचां?”

‘वाळूतून काढतात एक प्रकारचा दगडच म्हणा’

महिपतने पुन्हा डोळा लावला. दगड. त्याने आपला हात बघितला, पात्याने उडालेल्या कपऱ्यांच्या जुन्या खुणा असलेला.

“ह्याला कटर कुठला लावतात?”

रेणुकाने ओमकार सरांकडे पाहिलं. ओमकार सर म्हणाले, ‘प्रकाश’

महिपतने तो शब्द दोनदा वाचला. त्याला वाटलं मशीन चुकलंय. त्याने रेणुकाला वहीत लिहून दाखवायला सांगितलं. तिने लिहिलं, ‘हो काका. उजेडाने कोरतात.’ ते पान महिपतने पुढे कधी फाडलं नाही.

“आणि हां स्वस्तातलां म्हणता?” तो म्हणाला. “उजेडानं कोरलेला दगड स्वस्त?”

रेणुका सांगते की त्या वाक्यानंतर तिचं डोकं चालायला लागलं. स्वस्त आहे म्हणून होणार नाही, असं आपण आधीच धरून चाललो होतो, हे तिला उमगलं. चिपला नावं ठेवण्याआधी ती नेमकी कुठे थकते ते तरी बघावं.

पुढचे तीन आठवडे महिपत दर बाजारच्या दिवशी देवरुखला आला. रेणुकाने आधी फोनमधली घुसखोर ॲप्स काढली, जी कंपनीने घालून दिली होती आणि गुपचूप आत धावत होती. पडद्यावरचं हलणारं चित्र काढलं. फोन थोडा मोकळा झाला. ओमकार सरांनी मॉडेलमधले लांबलचक आकडे छाटून आखूड केले, जेणेकरून ते मेमरीत मावावं. त्यांनी समजावून सांगितलं की या चिपमध्ये आठ कामकरी आहेत, दोन दांडगे आणि सहा साधे. दांडग्यांना जुंपलं की काम पटापट होतं पण फोन तापतो, आणि तापला की फोन स्वतःच त्यांना मंद करतो. तरीही गाडी एका ठिकाणी अडली होती. सुरुवातीची दोन मिनिटं अक्षरं बरी यायची. मग फोन तापायचा आणि सगळं रखडायचं.

महिपत ते बघत होता. यंत्र तापण्याची गोष्ट त्याच्या घरची होती.

“आता कोण बोलतंय?” त्याने मध्येच विचारलं. दुकानात त्या वेळी कुणीच बोलत नव्हतं.

‘कोणीच नाही’

“मग हां का तापतंय?”

ओमकार सरांनी फोन हातात घेऊन पाहिला.

“दगडात नसताना पातं फिरत ठेवलां की बेरिंग जळतां,” महिपत म्हणाला. “आमी असां करायचो, दगड लागला की पातं घालायचां, नायतर काढून घ्यायचां. थंड व्हायला वेळ द्यायचा. ह्याला गप्प बसायला शिकवा. माणूस बोलला की ऐकायचां. नाय बोलला तर हात जोडून बसायचां.”

ओमकार सरांनी कपाळावर हात मारला. त्यांनी मॉडेल लहान केलं होतं, आकडे छाटले होते, पण फोन शांततासुद्धा तितक्याच मेहनतीने ऐकत बसतो, याकडे त्यांचं लक्षच गेलं नव्हतं. अशी युक्ती जगात नवी नव्हती, हे त्यांनी नंतर प्रामाणिकपणे सांगितलं. पण या दुकानात ती महिपतला सुचली होती. माणसाचा आवाज आला तरच मोठं मॉडेल जागं करायचं, एरवी एका साध्या कामकऱ्याने नुसती राखण करायची, अशी व्यवस्था त्यांनी आठवडाभरात बसवली.

पुढच्या बाजारी रेणुकाने नेट बंद केलं. सिम काढून टेबलावर ठेवलं. “काका, चहा घेणार का?” ती म्हणाली.

एक, दोन, तीन. ‘काका चहा घेणार का’

अर्धा तास ते बोलत राहिले. फोन कोमट झाला, तापला नाही.

महिपत घरी आला तेव्हा ऊन कलायला आलं होतं. त्याने या वेळी गोदाला काहीच सांगितलं नाही. मागच्या वेळी तोंड पोळलं होतं. चुलीजवळच्या कट्ट्यावर त्याने फोन उभा करून ठेवला, पाण्याचा तांब्या त्याला टेकू म्हणून लावला, आणि मागच्या दारी जाऊन सरपणाची फाटी फोडू लागला. मनात म्हणाला, आधी माझं मी बघतो.

अर्ध्या तासाने आत आला. गोदा त्याच्याकडे पाठ करून भाकऱ्या थापत होती. फोनच्या काचेवर ओळींमागून ओळी भरलेल्या होत्या. महिपतने बोटाने वर सारलं. अजून ओळी. अजून. तो कट्ट्याला टेकून उभाच वाचू लागला.

‘अहो आलात का बघा आज लवकर आलात बसा जरा पाय धुवा’

‘गुडघा दुखतोय ना मला दिसतं तुम्ही उजव्या पायावर भार देत नाही’

‘आज कुलदीपचं पिठलं केलं आहे तुम्हाला आवडतं म्हणून’

महिपत चमकला. हा कुलदीप कोण? मग त्याला उलगडा झाला. कुळीथ! शहराकडच्या बोलण्यावर शिकलेल्या त्या यंत्राला कुळीथ ठाऊक नव्हता. त्याला हसू फुटलं, आणि हसता हसता तो पुढचं वाचायला खाली बसला, कारण ओळी संपतच नव्हत्या. काशीची गाय व्याली. हौसाबाईच्या नातीला मुलगा बघायला येणार. काजूला या वर्षी मोहोर कमी. मग मध्येच, ‘तुम्ही काल झोपेत हसलात काय बघत होतात’. मग पुन्हा गाय.

आणि सगळं त्याला उद्देशून. प्रत्येक दोन-चार ओळींनंतर ‘अहो’. कोणी ऐकत नाही, पाठीमागे कोणी नाही, नवरा मागच्या दारी फाटी फोडतोय, तरी ‘अहो’.

“गोदा,” त्याने हाक मारली.

ती वळली. त्याच्या हातात फोन बघून तिने हात पुसले.

“तू रोज बोलतंस?”

ती काही म्हणाली. त्याने फोन तिच्याकडे धरला नव्हता. तिने त्याच्या हाताला धरून तो आपल्याकडे वळवला आणि परत तेच बोलली. तीन सेकंद गेले.

‘मग काय करू’

“माज्याशी? आठ वर्षां?”

गोदाच्या चेहऱ्यावर थोडा राग आला, जणू हा प्रश्न विचारण्यासारखा नव्हताच. तिचे ओठ हलले, ती थांबली, आणि दोघंही काचेकडे बघत राहिली. गोदाला वाचता येत नव्हतं, तरी तीही बघत होती. अक्षरं आली.

‘तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून मी बोलायचं सोडू काय’

आपलं घर मुकं झालंय, असं महिपत आठ वर्षं धरून चालला होता. जेवताना, दळण आणताना, गडग्यावर बसलेला असताना आपण एकटे आहोत असं त्याला वाटायचं, आणि त्या सगळ्या वेळात कुणीतरी त्याच्याशी बोलत होतं. त्या दिवशी दुकानात भिंगातून खाली बघताना जसा तो खिळून राहिला होता, तसाच आता खिळला. पण तिथे निदान काय बघतोय ते ओमकार सर सांगत होते. इथे सांगणारं कुणी नव्हतं.

“त्या दिशी खळ्यात काय बोललीस?” त्याने विचारलं. “मी फोन धरला व्हता तवा.”

गोदा जरा लाजली. तव्यावरची भाकरी उलटून आली आणि मग बोलली. पण तिने काय सांगितलं ते महिपतने आजवर कुणाला सांगितलं नाही. रेणुकाने विचारलं तेव्हाही तो फक्त हसला.

त्यानंतर त्याला एक गोष्ट खटकू लागली. गोदा बोलायची आंबवकोंडची बोली आणि काचेवर उमटायची पुस्तकातली भाषा. “घरात माजी बायको बोलतां,” तो रेणुकाला म्हणाला, “आणि फोनात कोण तरी शाळामास्तरीण लिवतां. मना माजी बायको पायजे.” ओमकार सरांना हे आवडलं. त्यांनी गोदाला देवरुखला बोलावून तिच्या बोलण्याचे तुकडे टिपून घेतले, ‘पेज’, ‘कुळीथ’, ‘खळं’, ‘नाय’, ‘बरां’. यंत्राला ते हळूहळू शिकवता येतं, पण वेळ लागतो. अजून ते पुरतं शिकलेलं नाही. कुळीथ मात्र आता कुळीथच येतो.

सड्यावरच्या खाणींत काम केलेली आणखी माणसं आसपासच्या वाड्यांत होतीच. चैत्रात महिपत एकेकाला घेऊन रेणुकाच्या दुकानी यायला लागला. कुणाचे कान पुरते गेलेले, कुणाचे अर्धे. बहुतेकांचे फोन त्याच्याइतकेच साधे, काही त्याहून जुने. काहींवर जमलं, दोघांवर नाहीच जमलं, चिपच फार जुनी होती. धोंडू नावाचा एक म्हातारा होता, त्याला वाचता येत नव्हतं. त्याच्यासाठी काही करता येईना. महिपत तेव्हापासून जमेल तसा त्याच्या ओसरीवर जाऊन बसतो आणि त्याला अक्षरं शिकवतो. धोंडू ‘क’च्या पुढे गेलेला नाही, पण महिपत गेला की पाटी पुसून तयार ठेवतो. एकदा महिपत खाणीवरही गेला. कटरवरच्या पोरांना त्याने फोनमधलं गोदाचं बोलणं दाखवलं आणि एवढंच म्हणाला, “कानावर कायतरी लावा रे. हां यंत्र कितीबी भारी असला तरी तुमच्या कानाएवढा नाय.” दोघांनी तरी आता कानावर मफलर गुंडाळायला सुरुवात केली आहे, आणि रेणुकाने त्यांच्यासाठी कानात घालायची बुचं मागवली आहेत.

मे महिन्यात विनोद बायको-मुलीला घेऊन आला. त्याची मुलगी मनस्वी सात वर्षांची. महिपतचे कान गेल्यानंतर जन्मलेली. म्हणजे नातीचा आवाज त्याने कधी ऐकलेलाच नव्हता, रडण्याचासुद्धा नाही.

मनस्वीला फोन ऐकतो हे कळल्यावर ती त्याला सोडेचना. भराभर बोलायची, इतकं की फोन मागे पडायचा आणि अक्षरं धापा टाकत यायची. महिपत वाचून होईपर्यंत तिचे पुढचे तीन प्रश्न झालेले असत. मग तिने खेळ काढला. फोनजवळ तोंड नेऊन कुजबुजायचं आणि यंत्राला ऐकू येतं का ते बघायचं.

‘आजोबा मी गुपचूप बोलते आहे’

महिपतने वाचून तिच्याकडे पाहिलं. गुपचूपसुद्धा! कोट्यवधी बटणांतली नेमकी कोणती बटणं या पोरीच्या कुजबुजण्यावर हलली असतील, याचा त्याला अंदाजच बांधता येईना. ती समोर मांडी घालून बसली होती, पुढचा एक दात पडलेला, आणि तोंडावर हात ठेवून हसत होती. तिचं बोलणं त्याच्यासमोर अक्षरांत होतं, सगळ्यांसारखंच, सगळ्यांच्या अक्षरांसारख्याच अक्षरांत. गोदाचं, ओमकार सरांचं, मनस्वीचं, एकाच घडणीचं.

गोदा बाजूला आमसुलांसाठी रातांबे फोडत होती. महिपत तिच्याकडे वळला.

“हिचा आवाज कसा हाय गो?”

गोदाचा हात थांबला. तिने मनस्वीकडे बघितलं, जणू आत्ताच नीट ऐकून घेतेय. मग फोनच्या बाजूला तोंड करून सांगितलं.

तीन सेकंदांनी अक्षरं आली. ‘तुमच्या आईसारखा आहे थोडा घागरा’

मनस्वी खो खो हसली आणि फोनकडे वाकून ओरडली. ‘घागरा नाही रे घोगरा’

महिपतने मान वर केली. त्याच्या आईचा आवाज. तो त्याच्याजवळ होता, पूर्ण, एकही शब्द न झिजलेला. पहाटे दळताना बोलणारा, शेताच्या बांधावरून हाक मारणारा, किंचित घोगरा, शेवटी वर जाणारा. कान गेले तरी तो काही कुठे गेला नव्हता.

“परत बोल,” तो मनस्वीला म्हणाला.

तिने काहीतरी लांबलचक सांगायला सुरुवात केली, मांजरीबद्दल असावं. अक्षरं उमटायला लागली, आणि महिपतने ती त्या आवाजात वाचली.